कर्व्यांचं बिऱ्हाड : एका पुनर्विवाहामागची माणसं

११ मार्च १८९३ रोजी पुण्यात एक लग्न लागलं. वर पस्तिशीला टेकलेला, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारा. पहिली बायको जाऊन दीड वर्ष झालेलं, पदरी अकरा वर्षांचा मुलगा. वधू देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, पुढची कितीतरी वर्षं सासरच्या कामात, आणि मग पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात, म्हणजे विधवांना शिकवणाऱ्या वसतिगृहात, शिक्षण. लग्नानंतर तिचं नाव आनंदीबाई झालं. वराचं नाव धोंडो केशव कर्वे.

ही गोष्ट आपण शाळेत वाचतो ती महर्षींची म्हणून. भारतरत्न, एकशे चार वर्षांचं आयुष्य, महिला विद्यापीठ. एकदा माणसाला महर्षी म्हटलं की त्यानं असं का केलं हा प्रश्नच उरत नाही. महर्षी होते म्हणून केलं. मला हे उत्तर पटत नाही. १८९३ साली ते महर्षी नव्हते. ते बुजरे होते, चारचौघांत बोलताना अडखळत, वक्तृत्व नाही, घरची श्रीमंती नाही. असं धाडस करणाऱ्याची आपण जी कल्पना करतो, तिच्यात हा माणूस बसत नाही. म्हणून हे प्रकरण मी त्यांच्या स्वभावाकडून न मांडता त्यांच्या आजूबाजूच्या माणसांकडून मांडतो आहे.

त्याआधी वीस वर्षं मागे जावं लागेल.

१८७३ साली न्यायमूर्ती रानडे यांची पहिली पत्नी वारली. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, पुण्यात न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर. विष्णुशास्त्री पंडितांनी १८६६ साली काढलेल्या विधवाविवाहोत्तेजक मंडळीचे ते जुने कार्यकर्ते. १८६९ साली मंडळीनं मुंबईत पुनर्विवाह लावला तेव्हा झालेला बहिष्कार त्यांनीही सोसलेला. विधवेशी लग्न करायला याहून योग्य माणूस महाराष्ट्रात शोधून सापडला नसता. आणि त्याच वर्षी रानड्यांनी लग्न केलं ते अकरा वर्षांच्या कुमारिकेशी. वडिलांनी ठरवलं, घाईनं उरकलं. मुलाचे मित्र कोणत्या विचारांचे आहेत हे वडिलांना पक्कं ठाऊक होतं आणि मुलाच्या हातून काय होऊ शकेल याचीच त्यांना धास्ती होती. रानड्यांनी नकार द्यायचा प्रयत्न केला, पण वडिलांचं मन मोडणं त्यांना जमलं नाही. या लग्नातून रमाबाई रानडे घडल्या हे खरं. तरी त्या दिवसापुरता विचार हरला.

कर्व्यांपेक्षा रानडे बुद्धीनं, अधिकारानं, वाचनानं सगळ्या बाजूंनी मोठे. मतं तीच. प्रसंगही जवळजवळ तोच. मग एकाच्या हातून जे झालं नाही ते दुसऱ्याच्या हातून कसं झालं? धैर्य कमी-जास्त, असं म्हणून सुटका करून घेता येते. पण रानड्यांना भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फरक मला दिसतो तो वेगळ्या ठिकाणी. रानड्यांची सुधारक मंडळी सभेत होती आणि घरात वडील होते. कर्व्यांच्या बाबतीत सुधारणा घरातच राहायला आली होती.

मुरुड

कर्व्यांचं गाव दापोलीजवळचं मुरुड. समुद्रकाठचं, ब्राह्मणवस्तीचं. घराणं एके काळी बऱ्या स्थितीतलं, यांच्या वेळेपर्यंत ओढगस्तीला आलेलं. तिथल्या शाळेत सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते. या गुरुजींनी पोराला काय शिकवलं, तर वर्तमानपत्र वाचायला. स्वतःपुरतं नव्हे, देवळात बसून गावकऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला. चौदा-पंधरा वर्षांचा बुजरा मुलगा गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपुढे मुंबई-पुण्याच्या बातम्या वाचतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. त्याला भाषण करायला कुणी सांगितलं नाही. मजकूर दुसऱ्याचा, आवाज फक्त याचा. लाजाळू मुलाला लोकांपुढे उभं करण्याची याहून शहाणी युक्ती मला माहीत नाही. गावात व्यापारी मंडळी म्हणून एक सामाईक दुकान निघालं, त्यातही गुरुजी आणि हा मुलगा. दुकान फार चाललं नाही, पण चार जणांचा पैसा एकत्र करून एखादी गोष्ट उभी करता येते हे त्याला विशीच्या आत कळलं. पुढे मुंबईत कमवू लागल्यावर ते उत्पन्नातला ठरावीक हिस्सा मुरुडच्या कामांसाठी बाजूला काढत.

याच वयातली साताऱ्याची पायपीट सर्वांना माहीत असते. १८७५ साली सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या सहावीच्या परीक्षेला बसायला मुरुडहून साताऱ्यापर्यंत शंभर-सव्वाशे मैल डोंगर चढून गेले, आणि तिथे "हा सतरा वर्षांचा दिसत नाही" म्हणून परत पाठवले गेले. ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून सांगतात. मला त्यातलं एवढंच लक्षात राहतं की तो रस्ता त्यांनी एकट्यानं तुडवला नव्हता; बरोबर गावचे सोबती होते.

इथे एक आक्षेप आधीच घेऊन टाकतो. सोमण गुरुजींच्या हाताखालून मुरुडची कितीतरी मुलं गेली. त्यातल्या बाकीच्यांनी विधवेशी लग्न केलं नाही. संगतीनं माणूस घडतो असं सरसकट म्हणणाऱ्यांनी या मुलांचंही काहीतरी उत्तर द्यायला हवं. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, असं आपण म्हणतो. पण गोठ्यात दहा बैल असतात आणि गुण एखाद्यालाच लागतो. गुरुजींनी कर्व्यांना पुनर्विवाह शिकवला नाही. सार्वजनिक काम हे आपल्यासारख्या साध्या माणसाचंही असू शकतं, एवढं त्यांच्या अंगवळणी पाडलं. उरलेलं मुंबईत घडलं.

मुंबईतली सामाईक चूल

मॅट्रिक व्हायलाच कर्व्यांना १८८१ साल उजाडलं, म्हणजे वय तेवीस. पुढे विल्सन कॉलेज, मग एल्फिन्स्टन, आणि १८८४ साली गणित घेऊन बी. ए. त्याच सुमारास एल्फिन्स्टनमधून एक आठ वर्षांनी लहान पोरगा बी. ए. झाला, गोपाळ कृष्ण गोखले. ही ओळख पुढे उपयोगी पडायची होती. त्यानंतरची वर्षं शिकवण्यांची. पहाटे अंधारात घराबाहेर पडायचं, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, मधल्या वेळात खासगी शिकवण्या.

या काळात त्यांचं बिऱ्हाड एकट्याचं नव्हतं. नरहरपंत जोशी या मित्राबरोबर ते एकत्र राहत. कोकणातून मुंबईला आलेल्या माणसांची ही नेहमीची रीत. भाडं परवडत नाही म्हणून दोन-तीन कुटुंबं एका चुलीवर. यात आदर्शवाद शोधू नये, सोय होती. पण याच सोयीतून नरहरपंतांनी आपल्या विधवा बहिणीला शिक्षणासाठी मुंबईला आणलं तेव्हा ती येऊन राहिली ती या सामाईक बिऱ्हाडात. कर्व्यांच्या पत्नी राधाबाई तिथे होत्या, लहानगा रघुनाथ होता, आणि गोदूबाई.

मला या प्रकरणाचा कणा इथे दिसतो. विधवांचा प्रश्न या विषयावर त्या काळी पुण्या-मुंबईत व्याख्यानांचा तोटा नव्हता. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. निबंध होते, शास्त्रार्थ होते, पराशरस्मृतीतला श्लोक कुणी कसा लावायचा यावर पोथ्या भरत होत्या. पण 'विधवा' हा शब्द ऐकल्यावर बहुतेक सुधारकांच्या डोळ्यांपुढे घराच्या मागच्या दारी बसलेली एक आकृती येत असे. कर्व्यांच्या डोळ्यांपुढे मित्राची बहीण आली असणार. स्वयंपाकघरात राबणारी, अक्षरं गिरवणारी, ठसक्यानं बोलणारी. आनंदीबाईंनी म्हातारपणी सांगितलेल्या आठवणी वाचल्या की हा ठसका कळतो. बाई कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या.

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. गोदूबाई तिथल्या अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी. (तारीख पाहा. बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला लग्न.) १८९० साली सदन पुण्याला हललं, तशा त्याही पुण्याला आल्या. १८९१ च्या ऑगस्टमध्ये राधाबाई वारल्या.

टिळकांची रिकामी जागा

आता एक विचित्र योगायोग. फर्ग्युसन कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत टिळक आणि आगरकर यांचं बिनसलं होतं. डोंगरीच्या तुरुंगात एकत्र दिवस काढलेले हे मित्र. आधी 'केसरी'वरून वेगळे झाले, मग पगार, त्याग, सामाजिक सुधारणा अशा सगळ्यांवरून. १८९० च्या डिसेंबरात टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. टिळक फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. ती जागा रिकामी पडली, आणि गोखल्यांनी एल्फिन्स्टनच्या जुन्या ओळखीतल्या गणितवाल्याला बोलावलं. १८९१ च्या नोव्हेंबरात कर्वे पुण्यात आले. पत्नी जाऊन तीन महिने झाले होते.

म्हणजे टिळक-आगरकर मैत्री मोडली नसती तर कर्वे त्या वेळी पुण्यात नसते. एकाच्या तुटलेल्या संगतीत दुसऱ्याला जागा झाली. हा भाग मी सांगतो तेव्हा लोक हसतात, पण यात गंमत फार नाही. आपण माणसं निवडतो असं म्हणतो तेव्हा त्यातली निम्मी निवड कुणीतरी दुसऱ्यानं, दुसऱ्याच कारणासाठी आधी करून ठेवलेली असते. कर्व्यांनी निवडलं ते एवढंच : मुंबईत शिकवण्या करून बरं उत्पन्न होत होतं, ते सोडून ते कमी पगारावर वीस वर्षं शिकवण्याचं बंधन घालणाऱ्या आजीव सभासदांत गेले.

आणि त्या वेळचं पुणं म्हणजे काय? पंचहौद मिशनचं चहा प्रकरण तेव्हा ऐन रंगात होतं. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनऱ्यांकडच्या एका समारंभात चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी फक्त पेल्याला हात लावला. नावं छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे धर्म बाटला म्हणून वाळीत टाकण्याचा वाद, सुरू झालं. रानडे, टिळक, गोखले सगळे त्यात. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. चहाच्या एका पेल्याला हा दंड. विधवेशी लग्न केलं तर काय होईल याचा हिशोब शहाण्या माणसाला तोंडी करता येत होता.

पण फर्ग्युसनच्या मास्तरांच्या खोलीत हा हिशोब वेगळा मांडला जात होता. १८९२ पासून आगरकर प्राचार्य. दम्यानं पोखरलेले, 'सुधारक'मधून दर आठवड्याला पुण्याच्या शिव्या खाणारे. गोखले होते. इथे कर्व्यांना कुणी "तू विधवेशी लग्न कर" असं सांगितल्याचं मला कुठे आढळलेलं नाही, आणि सांगायची गरजही नसावी. उद्या वाळीत पडलो तर ज्या चार माणसांबरोबर रोज उठबस आहे ती तुटणार नाहीत, नोकरी जाणार नाही, एवढी खात्री पुरेशी होती. वाळीत टाकणं म्हणजे काय, तर भटजी येत नाही, पाणक्या येत नाही, पंक्तीत पान मांडत नाहीत, मुलीला स्थळ येत नाही. ही शिक्षा पूर्णपणे सोबतीची शिक्षा आहे. ज्याची दुसरी सोबत आधीच जमलेली आहे त्याच्यावर ती निम्मीच चालते.

रानड्यांचं गणित १८७३ साली इथेच चुकलं होतं, असं मला वाटतं. मंडळी होती, बिऱ्हाड नव्हतं.

प्रत्यक्ष मागणी फार साधेपणानं झाली. नरहरपंतांचे वडील पुण्यात आले असताना दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला. करीन तर विधवेशीच, असं कर्व्यांनी सांगितलं, आणि तुमच्याच मुलीशी, हेही. नाटक नाही, पत्रक नाही. मित्राच्या वडिलांशी घरात बसून झालेलं बोलणं. जोशी घराण्यात ही गोष्ट पचली, कारण हा जावई त्यांना दहा वर्षांपासून माहीत होता.

मुरुडचा ठराव

लग्नानंतर हिशोबाचा दुसरा कागद आला, तो पुण्याहून नव्हे, गावाहून.

मुरुडला सभा भरली. कर्व्यांना वाळीत टाकण्याचा ठराव झाला, आणि त्यांना घरात घेणाऱ्यालाही तीच शिक्षा. म्हणजे आई आणि थोरला भाऊ भिकाजीपंत यांनी आपल्या माणसाला दारात उभं करायचं नाही. ज्या देवळात तो वर्तमानपत्र वाचून दाखवत होता, ज्या गावासाठी मुंबईहून पैसा बाजूला काढत होता, त्या गावानं. कर्व्यांनी आईला आणि भावाला लग्नाआधी कल्पना दिली होती. त्यांचं दुःख त्यांना दिसत होतं, आणि ते त्यांनी आत्मवृत्तात झाकलेलं नाही.

संगत निवडण्याबद्दल बोलताना हा भाग आपण नेहमी खाली दाबतो. "चांगल्या माणसांत राहा" हा सल्ला ऐकायला फुकट वाटतो. कर्व्यांच्या बाबतीत पुण्याची नवी सोबत कर्व्यांनी निवडली आणि तिची किंमत मुरुडच्या म्हातारीनं भरली, जिला कुणी विचारलंच नव्हतं. वर्षांनी गाव निवळलं, येणं-जाणं सुरू झालं. पण मधली वर्षं परत आली नाहीत.

घरातलीच बाहेर

१८९३ च्या अखेरीस कर्व्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी पुन्हा उभी केली. त्याच वर्षी शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप येऊन रानडे, भांडारकर सल्लागारपदावरून बाजूला झाले आणि पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. विधवांच्या शिक्षणाची हिंदू समाजाला चालेल अशी जागा उरली नाही. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला तो या पोकळीत. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. कॉलेज सुटलं की कर्वे आश्रमाचं सामान घेऊन हिंगण्याच्या वाटेला लागत, मुली-बायकांना शिकवत, आणि सकाळी पुन्हा कॉलेजात.

आणि इथे या प्रकरणातली मला सर्वांत टोचणारी गोष्ट येते. आश्रम चालायचा तर सनातनी घरांनी आपल्या विधवा लेकी तिथे पाठवायला हव्यात, देणगीदारांनी हात सैल करायला हवा. म्हणून कर्व्यांनी आश्रम आणि पुनर्विवाह ही दोन कामं कटाक्षानं वेगळी ठेवली. आश्रमात शिक्षण, पुनर्विवाहाचा प्रचार नाही. मग पुनर्विवाह केलेल्या बाईचं तिथे काय काम? आनंदीबाईंना त्या आश्रमात मोकळेपणानं वावरता येईना. ज्या बाईमुळे हे सगळं सुरू झालं ती पुण्यात मुलं सांभाळत संसाराची तोंडमिळवणी करतेय, आणि नवरा संध्याकाळी हिंगण्याला. त्यात पगारातली शिल्लकही आश्रमाकडे, आणि विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे. बाई चिडल्या, भांडल्या, सुइणीचं शिक्षण घेऊन आपली मिळकत उभी करायला निघाल्या.

कर्व्यांचा व्यवहार मला समजतो. शेकडो मुलींचा प्रश्न होता. तरीही ज्या माणसाला एका बिऱ्हाडानं घडवलं, त्यानं पुढच्या कामासाठी जी सोबत जमवली, तिच्यात त्या बिऱ्हाडातल्या माणसालाच पाट नव्हता. १८९३ मध्ये तो समाजाच्या पंक्तीतून उठला होता; दहा वर्षांत त्यालाच पंक्तीचे नियम सांभाळावे लागले. देणगीदारही शेवटी संगतच.

गुण लागला, वाण नाही

त्या घरात आणखी दोन माणसं वाढली, त्यांच्याबद्दल थोडं.

एक रघुनाथ, राधाबाईंचा मुलगा. बापाचं लग्न झालं तेव्हा अकरा वर्षांचा. तोही गणिताचाच प्राध्यापक झाला. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी गमावली, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले सोसले. लोक काय म्हणतील याची पर्वा न करणं हे त्या घरातलंच. पण बापासारखं चार जणांना सांभाळून घेणं त्याला जमलं नाही, की जमवायचंच नव्हतं. कर्व्यांनी मुलाच्या कामाची जाहीर पाठराखण केली नाही. हिंगण्याच्या देणगीदारांचा विचार इथेही आडवा आला असेल.

दुसऱ्या पार्वतीबाई आठवले, आनंदीबाईंची धाकटी बहीण. विशीत विधवा झाल्या, पदरी मुलगा. कर्व्यांच्या घरी आल्या तेव्हा केशवपन केलेल्या, सोवळ्याओवळ्याच्या कडक. पुनर्विवाह केलेली बहीण समोर, पुनर्विवाहाचे पुरस्कर्ते मेहुणे समोर. आणि पार्वतीबाईंनी पुनर्विवाह केला नाही. आश्रमाचं काम मात्र अंगावर घेतलं. गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली, आणि सनातनी घरांत त्यांना दार उघडलं जाई ते त्यांच्या डोक्यावरच्या लाल आलवणामुळेच, म्हणजे केशवपन केलेल्या विधवेच्या लुगड्यामुळेच. बहिणीला जिथे मज्जाव तिथे त्या पुढच्या दारानं जात. पन्नाशीच्या आसपास इंग्रजी शिकायला आणि पैसा जमवायला अमेरिकेला जाऊन आल्या.

केस वाढवायचे असं त्यांनी ठरवलं ते १९१२ साली. गोदूबाईंचं लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली होती.